आदरणीय उसवणताई

आमचे हे एकतीस वर्षं बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसले. चौकशीबद्दल त्यांची मतं ठाम होती. समोरच्याने नीट विचारावं, एकदाच विचारावं आणि जमल्यास विचारूच नये. "बोर्डावर लिहिलंय" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बोर्डावर काहीच लिहिलेलं नसे, ही गोष्ट वेगळी.

निवृत्त झाल्यावर दोन महिने ते घरभर फिरत राहिले, फलाट न सापडलेल्या बससारखे. मग मुलीने आम्हा दोघांना एकसारखे दोन टॅबलेट आणून दिले आणि ह्यांना टॅबलेट वापरणाऱ्यांचा एक मंच सापडला. कुणाचं काही बिघडलं की त्याने तिथे लिहायचं आणि जाणकारांनी उत्तर द्यायचं. ज्या माणसाने एकतीस वर्षं प्रवाशांना सरळ उत्तर दिलं नाही, तो माणूस अनोळखी लोकांना दिवसाचे सहा तास फुकट उत्तरं देऊ लागला. आणि किती गोड! 'निवांत प्रवासी' या नावापुढे त्यांना 'वरिष्ठ मार्गदर्शक' असा सोनेरी बिल्ला मिळाला होता. खाली लिहिलेलं असे : शंभरांपैकी सत्त्याण्णव समस्या सुटल्या. आल्यागेल्याला हे ते दाखवत. बाकीच्या तीन समस्यांबद्दल बोलताना मात्र त्यांचा चेहरा पडे.

मी पडदे शिवते. मागच्या खोलीत माझं कापायचं टेबल, मशीन आणि भिंतीला टेकवून ठेवलेले दांडे. माझं टॅबलेटचं काम साधं होतं. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, प्रत्येक खिडकीचा फोटो काढायचा आणि लेखणीने त्या फोटोवरच रुंदी, उंची, कुठे पाइप आडवा येतो, कुठे भिंत वाकडी आहे ते लिहून टाकायचं. अपडेट करा अशी सूचना पाच महिने रोज येत होती आणि मी रोज 'नंतर आठवण करा' दाबत होते. चालत्या मशीनला तेल घालावं, हात घालू नये, एवढं मला कळतं.

एका मंगळवारी दुपारी मी कापड घेऊन परत आले, तर टेबलावर माझा टॅबलेट, त्यावर एक पांढरी पट्टी आणि ती हळूहळू भरतेय. बाजूला हे हाताची घडी घालून उभे, प्रसूतीच्या खोलीबाहेरच्या बापासारखे.

"अहो, हे काय?"

"पाच महिने मागे होतीस. सुरक्षिततेच्या दृष्टीने बरं नाही. करून टाकलं."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर 'नंतर' म्हणाली असतीस."

हे खरं होतं. म्हणूनच तर विचारायला हवं होतं.

पट्टी भरली आणि माझ्या टॅबलेटला नवा जन्म मिळाला. आधीच्या जन्मातलं त्याला काही आठवत नव्हतं. घड्याळ एवढं मोठं झालं, की समोरच्या इमारतीतल्यांनाही वेळ कळावी. कॅमेरा होता तिथे हवामान आलं. खिडकीजवळ बसून काम करणाऱ्या बाईला बाहेर ऊन आहे हे सांगायची यंत्राला कोण घाई! पूर्वी दिवसभर पुरणारी बॅटरी चहाच्या वेळेपर्यंत धापा टाकायला लागली. हे सगळं मी गिळलं. मग फोटो उघडले.

उघडल्या उघडल्या पियानो वाजायला लागला. पडद्यावर अक्षरं आली : 'तुमची एक अविस्मरणीय सहल'. मग एकेक चित्र हळूच जवळ येऊन हळूच विरत गेलं. ज्यांच्या पडद्यांचं काम हाती होतं, त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची बैठकीची खिडकी. जेवणाच्या खोलीची खिडकी. जिन्यावरची खिडकी. आणि शेवटी, सूर अगदी भरून आल्यावर, न्हाणीघराचा झरोका, त्यातल्या फिनेलच्या बाटलीसकट. अकरा खिडक्या, आणि एकीवरही माझा आकडा नव्हता. यंत्राने माझं सगळं लिखाण पुसून खिडक्या धुऊनपुसून स्वच्छ करून ठेवल्या होत्या.

मी टॅबलेट घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. हे जेवणाच्या टेबलाशी बसून मंचावर कुणालातरी उत्तर देत होते.

"अहो, माझी मापं गेली."

"कुठे जाणार?" मान वर न करता. "तूच काहीतरी दाबलं असशील."

"मी काही दाबलं नाही."

"सगळे हेच म्हणतात. बंद करून चालू केलास?"

"दोनदा."

"मग सेटिंगमध्ये बघ. लिहिलेलं असतं सगळं."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. कुणा व्हायोलिनवाल्याला ते लिहीत होते : 'आपल्याला झालेल्या मनस्तापाची मी पूर्ण कल्पना करू शकतो.' मी ते वाक्य दोनदा वाचलं. चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या मनस्तापाची कल्पना ह्यांनी कधी अर्धीही केली नव्हती.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? डॉक्टरीणबाईंना फोन करून परत मापं घ्यायला गेली असती. पण पंचवीस वर्षांत मापं हरवल्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. जेवणाच्या खोलीचं माप मला आठवतंय असं मला वाटलं. तेवढ्यावर कात्री चालवली, पडदा शिवला आणि लावून बघायला घेऊन गेले. पडदा खिडकीच्या कठड्याच्या वीतभर वर लोंबत राहिला. चिखलातून चाललेल्या माणसाने पँट वर धरावी, तसा.

डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत होत्या. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघायची सवय, त्यामुळे चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. शेवटी म्हणाल्या, "हा घाबरून वर चढलाय का?"

"धुतल्यावर उतरेल," मी म्हटलं.

कापड धुतल्यावर उतरत नाही, आणखी चढतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. दोघी सभ्य होतो, म्हणून विषय तिथेच थांबला.

"बाकीचे दहा पुढच्या शनिवारपर्यंत व्हायला हवेत हं," त्या म्हणाल्या. "पाहुणे येणार आहेत."

घरी आले ती सरळ मागच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि मंचावर नाव नोंदवलं. ह्यांच्याकडून माणसासारखं उत्तर हवं असेल, तर त्यांना अनोळखी असायला हवं, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. टोपणनाव मागितलं, तेव्हा समोर तो आखूड पडदा पडला होता, त्याची शिवण मी काढायला घेतली होती. मी लिहिलं, 'उसवण'. पंचवीस वर्षं मशीनचा आवाज ऐकणाऱ्या नवऱ्याला एवढ्यावरून शंका यायला हवी होती. पण शंका यायला आधी लक्ष असावं लागतं.

सगळी हकिगत लिहून पाठवली. फोटो, लेखणी, पुसलेले आकडे, पियानो. कामाचं मात्र 'घरून काही मोजमापाचं काम करते' एवढंच सांगितलं. भिंतीपलीकडून टकटक सुरू झाली. माझ्यासाठी एवढी बोटं त्यांनी कधी झिजवली नव्हती. अकराव्या मिनिटाला उत्तर आलं.

'आदरणीय उसवणताई, आपण मंचावर आलात याचा आनंद आहे. कष्टाने टिपून ठेवलेली माहिती डोळ्यांदेखत नाहीशी होणं काय असतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. कृपया स्वतःला दोष देऊ नका. आपण चुकीचं काहीही दाबलेलं नाही.'

ताई! सख्ख्या नवऱ्याने मला ताई केलं होतं. पण रागवावं, तर पुढचं वाक्य आडवं येत होतं. 'आपण चुकीचं काहीही दाबलेलं नाही.' हे एक वाक्य ऐकायला मी भिंतीआड आले होते.

मी लिहिलं, 'तुमच्या शब्दांनी धीर आला. घरी यजमान म्हणतात, मीच काहीतरी दाबलं. खरं म्हणजे अपडेटही त्यांनीच केलं, मला न विचारता.'

टकटक थांबली. मग पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

'ताई, राग मानू नका, पण आपल्या यजमानांना यातलं ज्ञान बेताचंच दिसतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं असंच वागतात. दुसऱ्याचा टॅबलेट त्याला न विचारता अपडेट करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. त्यांना प्रेमाने समजावून सांगा. नाहीच ऐकलं तर त्यांना मंचावर पाठवा. मी बघतो त्यांच्याकडे.'

मी अस्तराचा तुकडा तोंडात कोंबला, नाहीतर हसणं भिंतीपलीकडे गेलं असतं.

तोवर बाकीचे वापरकर्ते जमले होते. अपडेटचे अनुभव म्हणजे दुखण्यांसारखे, एकाने सांगितलं की सगळ्यांना आपापलं आठवतं. 'वैतागलेलं व्हायोलिन' म्हणालं, वाजवता वाजवता स्वरलिपीची पानं आता आपोआप उलटतात, तीही मागे. 'रात्रपाळी' नावाची एक नर्स म्हणाली, माझा पडदा आता मंद होतच नाही, पेशंट विचारतात उजाडलं का. 'आजोबा नंबर दोन'ने लिहिलं, सुनेने अक्षरं मोठी करून दिली, तेव्हापासून बुद्धिबळाचा अर्धाच पट दिसतो, आणि माझा राजा दुसऱ्या अर्ध्यात आहे. सगळ्यांच्या दुःखांत एक समान धागा होता. अपडेट स्वतः कुणीच केलं नव्हतं. नवऱ्याने, सुनेने, भाच्याने, ऑफिसातल्या हुशार माणसाने, म्हणजे ज्याला समजतं त्याने केलं होतं. संध्याकाळपर्यंत 'मलाही हाच त्रास' हे बटण चारशे बारा जणांनी दाबलं. माझ्या यजमानांबद्दल लोक काय काय म्हणाले ते इथे सांगत नाही. कितीही झालं तरी नवरा आहे.

चहाच्या वेळी हे खुशीत होते.

"आज मंचावर एक बिचारी बाई आलीय," ते म्हणाले. "नवरा अगदी हा."

"हा म्हणजे?"

"हटवादी. कळत काही नाही, पण हात सगळीकडे. असे नग खिडकीवर रोज यायचे."

"मग तुम्ही मदत करा हो तिला."

"करतोयच. बाई मोठी समजूतदार आहे. मुद्द्याचं बोलते."

चौतीस वर्षांत मी पहिल्यांदाच समजूतदार ठरले, आणि तेही टोपणनावाने. मी त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. 'उसवणताई, कृपया सेटिंगच्या पानाचं चित्र काढून पाठवा. म्हणजे नेमकं बटण दाखवता येईल.' मी पानाचं चित्र काढलं आणि पाठवलं. त्या पानाच्या डाव्या बाजूला, वरून तिसऱ्या ओळीत, घरातल्या वायफायचं नाव दिसतं, हे माझ्या लक्षात होतं की नव्हतं? ह्यांनी हा प्रश्न मला नंतर तीनदा विचारला. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आमच्या वायफायचं नाव ह्यांनीच ठेवलं आहे : 'रांगेत या'.

भिंतीपलीकडे आधी टकटक झाली. मग एकच टक. मग काहीच नाही. खुर्ची सरकली. पावलं आली, थांबली, परत गेली. पाणी प्यायल्याचा आवाज. पावलं पुन्हा आली आणि दार उघडलं.

हे दारात उभे होते, टॅबलेट छातीशी धरून.

"तू," ते म्हणाले.

"मी," मी म्हटलं. मी दुमड घालत होते, ती चालूच ठेवली.

"काल चहा पिताना सुद्धा..."

"साखर बरोबर होती ना?"

"अगं, मी तुला ताई म्हणालो! चारशे लोकांसमोर!"

"चारशे बारा. त्यातल्या एकालाही काही खटकलं नाही."

ते स्टुलावर बसले. त्या खोलीत ते बहुधा पहिल्यांदाच बसत होते, कारण स्टुलावरची टाचण्यांची उशी त्यांना दिसली नाही. उठले, पुन्हा बसले. कान लाल झाले होते, त्याचं कारण टाचण्या नव्हत्या.

"मला सरळ सांगायचंस," शेवटी ते म्हणाले.

"मंगळवारी सांगितलं. तुम्ही म्हणालात, काहीतरी दाबलं असशील."

त्यांनी टाचण्यांची उशी मांडीवर घेतली. मला वाटलं होतं, हा क्षण आला की फार बरं वाटेल. थोडं वाटलंही. पण ते असे मान खाली घालून टाचण्या एकेक करून उशीत नीट खोचायला लागले, तेव्हा माझा निम्मा विजय पाण्यात गेला.

"आण इकडे," ते हळूच म्हणाले. त्यांनी माझा टॅबलेट घेतला, सेटिंगमधलं 'मूळ चित्र दाखवा' हे बटण बंद केलं आणि अकराही खिडक्यांवर माझे आकडे परत उमटले. मला हायसं वाटलं. ते पुरतं वाटायच्या आत मी पहिला आकडा वाचला. बैठकीच्या खिडकीची उंची : ९११.

"नऊशे अकरा सेंटिमीटर?" हे म्हणाले. "ती डॉक्टर राहते कुठे, विमानतळावर?"

नव्या अपडेटमध्ये 'सुवाच्य हस्ताक्षर' नावाची एक सोय होती. तिने माझं गिचमिड अक्षर आपणहून सुंदर, गोल करून ठेवलं होतं. आणि करताना एकाचा नऊ आणि नऊचा एक, जिथे जसा शोभेल तसा केला होता. नऊशे अकरा चुकलंय हे निदान कळत तरी होतं. पण एकशे एकोणीस आणि एकशे नव्याण्णव यांतलं खरं कुठलं, हे कोण सांगणार? आमच्याकडे आता मापं होती, फक्त ती कुणाची होती ते कळत नव्हतं.

हे पाच मिनिटं झगडले. जुनं अक्षर परत आलं नाही.

"हे गेलं," ते म्हणाले. असं स्पष्ट 'गेलं' म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग खालच्या आवाजात, "तो धागा उडवून टाक ना मंचावरचा, ती सगळी प्रश्नोत्तरं."

"धागा उडवत नसतात."

"मग निदान 'समस्या सुटली' दाब. तूच दाबू शकतेस. नाहीतर माझे सत्त्याण्णवचे शहाण्णव होतील."

आता खिडकीच्या आत मी होते आणि बाहेर हे. एकतीस वर्षं त्यांना तिथे काय मजा येत होती, ते मला थोडं थोडं समजलं.

"आधी खरं काय झालं ते लिहा," मी म्हटलं. "आणि उद्या माझ्याबरोबर चला. अकरा खिडक्या परत मोजायच्यात. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा."

त्यांनी अर्धा तास घेतला. 'आदरणीय उसवण,' त्यांनी लिहिलं, ताई गाळून, 'अधिक चौकशी करता असं समजतं, की चूक पूर्णपणे आपल्या यजमानांची आहे. त्यांनी न विचारता अपडेट केलं आणि नंतर ऐकूनही घेतलं नाही. त्यांना याचा खेद आहे. उद्या ते मोजमापाला येतील.'

'वैतागलेलं व्हायोलिन'ने लगेच विचारलं, 'तुम्हाला हे कसं समजलं?'

'अनुभवावरून,' ह्यांनी उत्तर दिलं.

डॉक्टरीणबाईंना मी फोनवर खरं तेच सांगितलं. मापं गेली, पुन्हा घ्यावी लागतील. पलीकडून एक सुस्कारा आला. "अहो, माझीही परवापासून पेशंटची यादी दिसत नाहीये. मला वाटलं मीच काहीतरी केलं. या तुम्ही." एवढंच. या एवढ्यासाठी मी एक पडदा वाया घालवला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. हे स्टुलावर चढून टेपचं टोक धरत, मी खाली वाचत असे आणि या वेळी कागदावर अक्षरात लिहीत असे : एकशे एकोणीस. पहिल्या तीन खिडक्या त्यांनी मुकाट्याने धरल्या. चौथ्या खिडकीला डॉक्टरीणबाई आपला टॅबलेट घेऊन आल्या.

"तुम्हाला यातलं कळतं म्हणे?"

"डॉक्टर, आपल्याला झालेल्या त्रासाची मला पूर्ण कल्पना आहे," हे म्हणाले, आणि स्टुलावरून उतरून सोफ्यावर जाऊन बसले. टेपचं टोक खाली आपटलं. माणूस बदलतो म्हणतात, पण एका दिवसात फार तर स्टुलाच्या उंचीएवढा. मी वीस मिनिटं खिडकीशी उभी राहिले. यादी सापडली, डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग ह्यांना माझी आठवण झाली.

"आलो, आलो," म्हणत ते परत चढले. राहिलेल्या आठ खिडक्यांत मात्र एकदाही उतरले नाहीत. न्हाणीघराच्या झरोक्यापाशी फिनेलची बाटली त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवली.

शनिवारच्या आत अकराही पडदे झाले. लावायच्या दिवशी हे न बोलावता आले आणि दांडे त्यांनीच उचलले. सगळे कठड्याला बरोबर टेकले. डॉक्टरीणबाई या वेळी काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या धंद्यात काही न बोलणं ही चांगली बातमी असते. मी तिथेच उभ्या उभ्या मंचावरचं ते बटण दाबलं. ह्यांच्या टॅबलेटवर टिंग झालं. त्यांनी पाहिलं, पण कुणाला दाखवलं नाही.

ते बैठकीच्या पडद्याजवळ गेले. एका चुणीवरून बोट फिरवलं, मग दुसरीवरून, मग तिसरीवरून.

"ह्या सगळ्या सारख्या कशा येतात?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले. आधी कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट घ्यायची, मग उरलेलं चुण्यांत वाटायचं, पहिली आणि शेवटची चुणी भिंतीपासून किती सोडायची, जाड कापडाला वेगळं, पातळाला वेगळं. बोलता बोलता दहा मिनिटं गेली. त्यांनी मध्ये एकदाच तोंड घातलं, आणि तेही चुकीचं.